चांगलं कापड लागेपर्यंत

माझी वहिनी टेलर. भाऊ गेल्यावर दुकान तिनं एकटीनं ओढलं. मी नणंद, काजं-बटणं आणि इस्त्री माझ्याकडे. वहिनी तोंडाची फटकळ. पोट आत घेऊन माप देऊ नका, घरी गेल्यावर ते बाहेर येतंच, असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची.

पायमशीनच्या लोखंडी पट्टीवर नडगी आपटली, एवढंच निमित्त. फोड आला, फुटला, आणि जांभळ्या काठाची जखम पसरत गेली. पांघरूण नुसतं लागलं तरी ती ओठ चावायची.

सर्जननं जंतुसंसर्ग समजून जखम कापून साफ केली. पुढच्या ड्रेसिंगला ती वाढलेलीच. तो पुन्हा कापायला कचरायला लागला, तर वहिनीच त्याच्यावर डाफरली: विरलेली कड ठेवून कोणी शिलाई मारतं का? चांगलं कापड लागेपर्यंत कापा. त्याला ते पटलं आणि आमचं नशीब फुटलं. जितकं कापलं, तितकं ते पसरलं. शेवटी गुडघ्याखालून पाय काढायची भाषा सुरू झाली.

त्याआधी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी पाय बघितला आणि मग हात. सलाईनची सुई टोचली होती तिथेही तसलाच जांभळा फोड. इतके दिवस कोणाच्या बापाला तो दिसला नव्हता, मलासुद्धा.

बाई म्हणाल्या, "आता ब्लेड बंद. हे जंतू नाहीत, शरीरच स्वतःच्या कातडीवर उलटलंय. जिथे टोचाल, कापाल, तिथे हे भडकणार."

आधीचे रिपोर्ट तपासून, खात्री करून त्यांनी स्टेरॉइड सुरू केलं. हळूहळू ठणका उतरला. वहिनी शांत झोपली, तेव्हा मी जिन्यात बसून रडले.

पाय वाचला. घरी निघताना बाईंनी सहज विचारलं, काम काय करता? ऐकून त्यांनी वहिनीची बोटं उलटसुलट करून बघितली. मग म्हणाल्या, सुई, टाचणी, काहीही टोचून घ्यायचं नाही. आजार दबलाय, गेलेला नाही.

आता मशीनवर मी बसते. माझी बाही हमखास चुकते आणि वहिनी स्टुलावरून माझा उद्धार करते. काल मात्र मी बाही उसवत असताना ती हळूच म्हणाली, "पाय गेला असता तर बरं झालं असतं गं. हात तरी माझे राहिले असते."

मला संताप आला. काही बोलणार, तोच गिऱ्हाईक आलं, आणि सवयीनं तिनं टाचण्या उचलून ओठांत धरल्या.

"वहिनी, तोंड उघड," मी म्हटलं.

तिनं निमूट उघडलं. मी एकेक टाचणी काढून घेतली.