सुईची भोकं

सकाळी आठला सुवार्ती खिडकीचा बांबूचा पडदा वर ओढी, आणि जावातल्या सुराकार्ताच्या ग्रंथालयातलं तिचं लांब टेबल उजेडात येई: डच साखर कारखान्यांच्या फाटक्या वह्या, पातळ कागद, खळीची वाटी. एकतीस वर्षं ती जुनी पानं जोडत होती. तिनं लावलेलं ठिगळ शोधायला भिंग लागे.

त्या दिवशी मात्र टेबलावर तिच्याच घरचा कागद होता. स्वातंत्र्याच्या लढाईत डच विमानांनी गावावर टाकलेली शरणचिठ्ठी: ही चौकीवर द्या, जिवाला धोका नाही. तिचे वडील कार्तोसेन सावल्यांच्या खेळासाठी चामड्याच्या बाहुल्या कोरत; त्या लढाईत तेही लढले होते. ते वारले तेव्हा ही त्यांच्या पेटीत सापडली, आणि गाव कुजबुजलं, म्हातारा शरण गेला होता. लाजेनं सुवार्तीनं ती पुन्हा उलगडली नव्हती. आता गावात लढवय्यांच्या नावांचा दगड बसणार होता.

समोर सरपंच पाक विर्योदी घाम पुसत बसले होते. "बू सुवार्ती, शुक्रवारी कोरणारा येतोय. तुमच्या बापाचं नाव घातलं तर लोक माझी मान धरतील."

"धरू देत. चांगली जाडजूड आहे."

"चेष्टा नको. द्या ती चिठ्ठी इथल्या संग्रहात, आणि विसरा."

तेच करायला तिनं ती आणली होती. कसरीनं खाल्लेली भोकं तेवढी बुजवायची. तिनं कुंचला खळीत बुडवला. पण ठिगळ लावण्याआधी पान उजेडात धरायचं, हा तिचा नेम.

कसर वाकडीतिकडी चालते. ही भोकं रांगेत होती. नाक, रुंद खांदा, अंगठ्याचं लांब नख. चामड्यावर आकृती उतरवायला कागद असाच सुईनं टोचतात, आणि तेव्हा कोरा कागद मिळायचा कुठं?

"पाक विर्योदी, इकडे या. कोण दिसतंय?"

विर्योदींनी डोळे बारीक केले. "भीम! हे नख बाहुल्यांत त्याचंच."

"भीमच. खेळात राजापुढंही हात न जोडणारा." ती उठली, कपाटातून एक गठ्ठा काढून तिनं टेबलावर आपटला. "आणि ह्या शरण गेलेल्यांच्या चिठ्ठ्या. मीच जोडल्यात. प्रत्येकीवर चौकीचा शिक्का. माझ्या बापाच्या चिठ्ठीवर दाखवा!"

विर्योदींनी दोन्ही बाजू पाहिल्या. टोपी काढली. "बसवतो नाव. खाली कोपऱ्यात जागा आहे."

"कोपऱ्यात नको, मधोमध. आणि अक्षरं खोल कोरायला सांगा. माझा बाप वरवरचं काम करत नसे."