जैनीबाईचा पाय मी वरोऱ्याला नेला

चंद्रपूरकडे निघाले म्हटलं की लोक विचारतात, वाघ दिसला का? या वेळी आधीच सांगून टाकते. वाघ पाहायला गेलेच नव्हते. ज्यांना सफारीचं बुकिंग, गेट आणि जिप्सीचे दर हवे असतील त्यांनी माझी जुनी पोस्ट वाचावी, ती पुष्कळ आनंदी आहे.

एप्रिलच्या शेवटी वर्षाचा फोन आला. वर्षा माझी कॉलेजातली मैत्रीण. गेली नऊ वर्षं ती अहेरीत अपंगांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या केंद्रात फिजिओथेरपिस्ट आहे. दर महिन्याला केंद्राची जीप गावोगाव जाते, मुलांचे व्यायाम घेते, कुबड्यांचे रबर बदलते, दाखल्यांचे अर्ज भरते. "यायचं असंल तर आत्ताच ये," ती म्हणाली. "जूनपासून फेरी तीन महिन्यांतून एकदा. पैसे नाईत म्हणते वरचे. मग पाहाले काई राहणार नाई." नऊ वर्षं 'येते गं, येते' म्हणत टाळलं होतं. लाज वाटली आणि बुधवारपासून तीन दिवसांची रजा टाकली.

बुधवारी पहाटे पाचला नागपूर सोडलं. मे महिन्यात या बाजूला यायचं तर दहाच्या आत जितकं अंतर कापता येईल तितकं कापा. वरोऱ्याच्या अलीकडे तर्री पोहे, चाळीस रुपये प्लेट, आणि तर्री खरोखर घाम काढणारी. चंद्रपूर, बल्लारपूर, गोंडपिपरी करत आष्टीला वैनगंगेच्या पुलावर आले तेव्हा नदीत पाण्यापेक्षा वाळू जास्त होती. आष्टीपासून आलापल्लीपर्यंत रस्ता म्हणजे परीक्षाच आहे. समोरून अवजड ट्रक, लाल धूळ, खड्डे, आणि दोन्ही बाजूंना पानं झडलेला साग. लहान गाडी असेल तर या पट्ट्याला दीड तास जास्त धरा. पेट्रोल आलापल्लीत भरून घ्या. अहेरीत लॉजची खोली आठशेला मिळाली, कूलर होता, पण त्यात पाणी आपणच ओतायचं.

केंद्र म्हणजे पत्र्याच्या तीन खोल्या आणि समोर एक कडुनिंब. भिंतीवर मुलांच्या हाताचे रंगीत ठसे, त्यांतल्या एकाला तीनच बोटं. फळ्यावर महिन्याच्या फेऱ्या लिहिलेल्या होत्या आणि जूनपासूनच्या रकान्यांवर कोणीतरी ओला कपडा फिरवला होता. जेवताना मी नेहमीप्रमाणे उपाय सुचवायला लागले. देणगीदार शोधा, व्हिडिओ टाका, नागपुरातल्या अमक्याशी बोला. वर्षा शांतपणे वरणभात कालवत होती. "नऊ वर्षं तेच करून राह्यली मी," ती म्हणाली आणि पापड मोडला. मी गप्प बसायला हवं होतं, बसले नाही.

गुरुवारी शेवटच्या मासिक फेरीत मीही जीपमध्ये बसले. आलापल्लीच्या पुढे दीड तास, त्यातला शेवटचा तुकडा कोरड्या नाल्याच्या पात्रातून. मोबाईल तासाभरानंतर मुका झाला. पाणी तीन लिटर न्या, मी दोन नेलं आणि पुरलं नाही. गाव तीसेक घरांचं. प्रत्येक अंगणाला बांबूचा कूड, सारवलेली स्वच्छ जमीन, आणि सावली फक्त मोहाखाली. पहिल्याच घरात वर्षाला एका मुलाच्या आखडलेल्या पायांचा व्यायाम घ्यायचा होता, त्याला तासभर तरी लागणार होता. मला ती म्हणाली, "तू तवर जैनीबाईकडे बस. पलीकडचं घर. मी येतोच."

जैनीबाई चाळिशीची असेल. तीन वर्षांपूर्वी रानात साप चावला, घरच्यांनी दोरीने पाय करकचून बांधला, दवाखाना गाठेपर्यंत पाय काळा पडला होता. गुडघ्याखालून कापावा लागला. नवरा आधीच गेलेला, मुलगी आश्रमशाळेत. हिवाळ्यातल्या शिबिरात तिला वरोऱ्याच्या शंकरभाऊंनी बनवलेला जयपूर पद्धतीचा नवा पाय मिळाला होता. तिने मला आंबील दिली, पितळी वाटीत, गार आणि आंबूस. इतकं चांगलं काही मी त्या प्रवासात प्यायले नाही.

मग तिने आतून एक कार्ड आणलं आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरलं. तेंदूपत्त्याचं कार्ड होतं, कोणी किती पानं दिली याची नोंद त्याच्यावर होते. मे महिन्यात बिडीसाठी तेंदूची पानं तोडायची, सत्तर पानांचा पुडा बांधायचा आणि गावाच्या फळीवर, म्हणजे ठेकेदाराचा माणूस पुडे घेतो तिथे, नेऊन द्यायचा. हंगाम जेमतेम दहा-पंधरा दिवसांचा. गेली तीन वर्षं ती दिराच्या घरी बसून त्यांच्या पानांचे पुडे बांधत होती. तोड त्यांची, कार्ड त्यांचं.

"यंदा माह्या नावाचं हाय," ती म्हणाली. "सोमवारी फळी सुरू होते. मी जातो तोडाले. पोरगी सुट्टीत घरी येते, तिले दाखवतो, तुही माय बसून खात नाई."

मी म्हटलं, चालून दाखवा बरं. ती मोहापासून दारापर्यंत चालली. नवा पाय टेकला की तिचं सगळं अंग मागे जायचं, गुडघा उलटा ताणला जायचा आणि ती काठीवर भार टाकून स्वतःला पुढे ओढायची. अनवाणी होती. अंगणाच्या कुडावर दोन सुपं, एक जाळं, पट्टे तुटलेली एक सँडल, वाळत घातलेलं लुगडं. माझ्या डोळ्यांना फक्त तो वाकडा पडणारा पाय दिसत होता. असं रानात कशी जाणार ही? पाय चुकीचा बनवलाय, हे शेंबडं पोरही सांगेल, असं मी मनात म्हटलं. मी मोबाईल काढला आणि तिला पुन्हा चालायला लावून व्हिडिओ घेतला.

"पाय माझ्याकडे द्या," मी म्हणाले. "परवा मी वरोऱ्याला, ज्यांनी बनवला त्यांच्याकडेच जातेय. सरळ करून लगेच पाठवते. सोमवारच्या आत."

ती पायाकडे बघत राहिली. "सोमवारी भेटंल ना, बाई?"

"नक्की."

तिने पट्टा सोडला, पाय काढला, आतली धूळ पदराने पुसली आणि माझ्या हातात दिला. वाटला त्यापेक्षा जड होता.

जीपमध्ये वर्षाने माझ्या मांडीवरचा पाय पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "मले विचारलं काऊन नाई? माणसाचा पाय काढून आणते का कोणी?" मी व्हिडिओ दाखवायला लागले. नाल्याच्या दगडांवरून जीप उडत होती आणि तिच्या मांडीवर भरायच्या अर्जांचा गठ्ठा होता. दोन पावलं पाहून तिने डोळे मिटले. "मागं पडून राह्यली खरं. बरं, शंकरभाऊ पाहतील," ती म्हणाली. मी जिंकल्यासारखी बसले होते, हे आज लिहितानाही कानशिलं तापतात.

शुक्रवारी केंद्रात बैठक होती. फेऱ्या कमी होणार हे वर्षाने सगळ्यांना सांगितलं. ऐकू न येणाऱ्या एका तरुणाने खुणांनी विचारलं, का? वर्षाने दोन्ही तळवे उघडून दाखवले, रिकामे. त्याने मान हलवली आणि चहाचे कप गोळा करायला उठला. मी दुपारी निघाले आणि चंद्रपुरात मुक्काम केला.

शनिवारी सकाळी वरोऱ्यात शंकरभाऊंची दोन खोल्यांची कार्यशाळा शोधली. सगळीकडे प्लास्टरची पांढरी धूळ, भिंतीला टेकवलेले पाय, लहान, मोठे, एकट्या उजव्या बाजूचेच सहा. शंकरभाऊ साठीचे, चष्मा दोऱ्याने बांधलेला. त्यांनी जैनीबाईचा पाय उलटा करून पाहिला.

"बाई कुठी हाय?"

"गावाला. मी व्हिडिओ आणलाय."

"बाई, पाय एकटा सरळ होत नाई. त्याच्यावर माणूस उभा राहावा लागते," ते म्हणाले, पण व्हिडिओ पाहिला. एकदा, मग पुन्हा. मग त्यांनी बोटाने चित्र थांबवलं. "ही अनवाणी काऊन चालून राह्यली? सँडल कुठी गेली?"

"कुठली सँडल?" मी विचारलं.

"शिबिरात सगळ्यांना पट्ट्याची सँडल दिली होती. रबरी पाय चप्पल धरत नाई, बोटं नाईत ना त्याले. म्हणून सँडल. तिच्या टाचेएवढी उंची धरूनच मी पाय लावला. सँडल काढली की टाच खाली जाते, माणूस मागं पडते." त्यांनी पाय टेबलावर ठेवला. "पायाले काईच झालं नाई. एक सँडल पाहिजे होती. अहेरीच्या बाजारात भेटली असती."

चार दुकानांपलीकडे तशीच सँडल मिळाली, दोनशे साठ रुपये. शंकरभाऊंनी टाच मोजून होकार दिला. तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते. गाडी वळवली असती तर संध्याकाळी अहेरी आणि रविवारी सकाळी जैनीबाईचं अंगण. मी नकाशा काढून बघितलाही. पण अंग मोडून आलं होतं, त्या रस्त्याची धूळ अजून दातांत होती आणि सोमवारी ऑफिसात मोठी मीटिंग होती. मी स्वतःला सांगितलं, बस आहेच की. पाय आणि सँडल गोणपाटात शिवून अहेरीच्या बसने वर्षाच्या नावाने पाठवलं आणि चारच्या आत नागपूरला घरी येऊन थंड पाण्याने अंघोळ केली.

गोणपाट रविवारी अहेरीला पोचलं. केंद्राची जीप मात्र शुक्रवारीच दुरुस्तीला गेली होती. वर्षा रोज कुणाला ना कुणाला विचारत होती. शेवटी अकराव्या दिवशी एका शिक्षकाच्या मोटरसायकलवर मागे बसून, पाय मांडीवर आडवा धरून ती गावात पोचली. मध्ये दोनदा अवकाळी पाऊस झाला, पानांवर डाग पडले आणि फळी नवव्या दिवशीच बंद झाली होती.

"सँडल घालून छान चालली गं," वर्षाने फोनवर सांगितलं. "काठीबिगर."

"आणि कार्ड?"

"कोरं. दिराकडचे पुडे बांधले तिनं यंदाही. पोरगी होती सोबत."

"मला काय म्हणाली?"

"काई नाई. तू बरी पोचली का, विचारत होती."

कुणी त्या बाजूला जाणार असाल तर पेट्रोल, पाणी, रस्ता हे सगळं वर लिहिलंय. जागा सुंदर आहे, माणसं आंबील देतात. याहून जास्त सल्ला द्यायची माझी लायकी राहिलेली नाही.

या पोस्टसाठी फोटो निवडायला म्हणून गेल्या रविवारी दुपारी तो व्हिडिओ पुन्हा उघडला. बावीस सेकंदांचा आहे. आधी पाहिला तेव्हा त्यातला आवाज ऐकूच आला नव्हता, जीपमध्ये खडखडाट होता आणि कार्यशाळेत ग्राइंडर चालू होतं. या वेळी कानात हेडफोन होते. बाराव्या सेकंदाला जैनीबाई थांबते, काठीचा हात उचलून कुडाकडे दाखवते आणि हळू पण अगदी स्पष्ट म्हणते, "ते सँडल होती तवा बेस चालत होती मी, बाई, पट्टा तुटला..."

आणि तिच्या बोलण्याच्या मध्येच माझा आवाज येतो, मोठा आणि मायेचा. "हं हं, कळलं मला. आता परत फिरा."