म्हैसूरच्या प्रवासाला देवाचा नकार

आमचे बाबा पेडण्याच्या घराच्या सोप्यावर बसून जेवढे हिंडले, तेवढं कोणी आगगाडीत बसून हिंडलं नसेल. गोवा मुक्त होऊन थोडी वर्षं झाली होती, बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. दिवाळी जवळ आली की त्यांना म्हैसूरची हुक्की यायची. मग जेवताना ताटभर प्रवास चाले. हा उंड्याचा, म्हणजे पावाचा, तुकडा म्हणजे वास्को, ही लोणच्याची फोड लोंडा आणि मधली सोलकढीची वाटी दूधसागर. "गाडी अश्शी वळते, आणि खिडकीत नुसता पांढराशुभ्र धबधबा!" त्यांनी तो कधी पाहिला नव्हता. धबधबा जाऊ द्या, आगगाडीसुद्धा पाहिली नव्हती. सगळं कचेरीतल्या एका वास्कोकराकडून ऐकलेलं.

ऐकता ऐकता आईचा घास हातातच राही. तिला म्हैसूरचं काही नव्हतं. आगगाडीच्या खिडकीत बसून दूधसागर बघायचा, एवढी एकच इच्छा तिनं आम्हाला आजवर बोलून दाखवली होती. दरवर्षी ती लाडू वळायची, ट्रंक उन्हात ठेवायची, आणि दरवर्षी बाबा तोंड पाडून देवळातून परत यायचे. "देव नाही म्हणाला."

आमच्याकडे देवाला विचारल्याशिवाय कोणी विहीरसुद्धा खणत नाही. गुरव देवाच्या अंगाला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या लावतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी पडली की होकार, डावी पडली की नकार. त्यावर अपील नाही. आई मुकाट्यानं ट्रंक माळ्यावर चढवायची आणि लाडू आम्ही पोरं फस्त करायचो.

एका वर्षी गुरव काही कामानं घरी आला. आईनं त्याला दारातच गाठलं. "काय हो, देवाचं आमच्याशी काय वाकडं आहे? सगळ्या गावाला जाऊ देतो मेला, आम्हीच काय घोडं मारलं?"

"वाकडं कसलं वहिनी?" गुरव गोंधळला; बाबांना तो भाऊ म्हणे. "भाऊ म्हणतात, यंदा घरीच राहिलेलं बरं असेल तर उजवी दे. देव बिचारा दरवर्षी उजवी देतो."

आईनं पदर कमरेला खोचला. आमच्या घरात याहून वाईट लक्षण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवं लुगडं नेसून ती बाबांपुढे उभी राहिली. "चला देवळात." बाबांचा चेहरा पडला, पण गेले. मीही मागोमाग. गुरवानं सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा..." तेवढ्यात आई म्हणाली, "थांबा. मी सांगते तसं घाला. मी आगगाडीनं जाणार आहे. ते विचारत नाही, सांगते. यांनी माझ्याबरोबर यावं असं असेल तर उजवी दे."

"व्हय म्हाराजा!" जमलेली मंडळी ओरडली आणि हसू दाबत राहिली. बाबा डाव्या पाकळीकडे असे बघत होते, जणू नजरेनंच ती ओढून काढतील. टप्‌दिशी उजवी पडली.

घरी येताना बाबा शेताच्या बांधावर मटकन बसले. ज्यांच्या आवाजानं कचेरीतले शिपाई चळचळा कापत, ते बाबा पुटपुटले, "मला भीती वाटते गो. वाटेत बोगदे आहेत. काळोख. नुसतं मनात आलं तरी घाम फुटतो."

"मग इतकी वर्षं सांगायला काय जीभ झडली होती? देवाला कशाला मध्ये घातलंत?"

"तुला तोंडावर नाही म्हणवेना."

आई संतापली होती, पण हे ऐकून तिला हसू फुटलं. मला मात्र त्यांची फार दया आली.

आम्ही गेलो. वास्कोला गाडी हलल्याबरोबर बाबांनी डोळे घट्ट मिटले. पहिला बोगदा आला, तेव्हा समोर परकी माणसं बसलेली असताना त्यांनी आईचा हात पकडला. असलं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी लाजून चपलांकडे बघत बसलो. आणि मग दूधसागर आला. सगळा डबा खिडक्यांशी धावला.

"अहो, बघा तरी!"

"तू बघ."

आई बघत राहिली. ती रडत होती आणि हसतही होती. धबधबा मागे पडला, बोगदेही संपले. बाबांनी डोळे उघडले, आजूबाजूला माणसं बघून ओशाळले आणि हात सोडवू लागले. आईनं लोंडा येईपर्यंत सोडला नाही.