चिंचेचा चोथा

"एक बादली पानी आन, बाय. अन् जरा गप ऱ्हा."

मामा घरात शिरले की पहिलं वाक्य हेच. मग मोरीपाशी उकिडवे बसायचे, पाणी हळूहळू ओतायचे आणि कान जमिनीशी न्यायचे. पंखा बंद, टीव्ही बंद. कुकरची शिट्टी झाली तरी त्यांची भुवई चढायची. थोड्या वेळानं मान हलवून म्हणायचे, "चार हातांवर हाय." तारेची लांब स्प्रिंग आत घातली की बरोबर चार हातांवरचा बोळा बाहेर. मोरी तुंबलेल्या बाईला असा माणूस देवासारखा वाटतो, हे तुम्हाला मी काय सांगू!

गोखिवऱ्यातल्या आमच्या चार मजली इमारतीत ते पंधरा वर्षं येत होते. खाडीकाठच्या गावातले, लहान चणीचे, लहानथोर सगळ्यांना एकेरी बोलणारे. त्यांचं नाव कुणी कधी विचारलं नाही, मीसुद्धा नाही. सगळ्यांच्या फोनमध्ये ते 'मोरीवाले मामा'. अ‍ॅसिडची बाटली दिसली की भडकायचे. "पाइप जळतो, घान तशीच!" काम झालं की माझ्याकडे चहा ठरलेला. मी त्यांच्याशी भांडायची आणि त्यांना ते आवडायचं, असं मला वाटतं.

आता माझं सांगते. माझं माहेर सांडोरचं, केळीच्या वाडीतलं. आमच्याकडे भांडी परसात घासायची, चिंच आणि नारळाची शेंडी घेऊन, आणि ते पाणी चोथ्यासकट केळीच्या बुंध्याशी जायचं. केळी नुसत्या माजायच्या. लग्न होऊन इथं तिसऱ्या मजल्यावर आले, तरी देवाची पितळी भांडी दर गुरुवारी मी चिंचेनंच घासते. साबणाला ती झळाळी येत नाही, उगाच वाद घालू नका. चोथा मात्र सिंकमध्ये जायचा. पाणी भराभर जावं म्हणून तिथली जाळीही मीच काढून ठेवली होती. केळीच्या बुंध्याशी कधी काही तुंबलंय का? मग इथं कशाला तुंबेल, असा माझा हिशेब.

दीड वर्षापूर्वी तळमजल्यावरच्या सुनीताचं सिंक उलटं भरू लागलं. काळं पाणी ओट्यावरून खाली, पार देव्हाऱ्यापर्यंत. ती भाडेकरू, नवरा कारखान्यात, मुलगी दहावीला. सोसायटीत एकमत झालं की हीच शिळा भात आणि तळणीचं तेल ओतत असणार. सगळ्यात मोठा आवाज माझा. "भाड्याचं घर, कोण कशाला जपेल!" हे माझेच शब्द. सेक्रेटरींनी घरमालकाला कळवलं आणि त्यानं महिनाअखेरीला घर खाली करायला सांगितलं.

मग मामांना बोलावलं. इमारतीमागच्या गटाराच्या चेंबरपाशी आम्ही सगळे उभे होतो. त्यांनी कान लावला, स्प्रिंग घातली आणि नारळाएवढा गोळा खेचून काढला. शेंडीचे धागे, चिंचेच्या शिरा आणि मध्ये चिकटलेले चिंचोके. चिंच-शेंडी घेऊन बसणारी इमारतीत मी एकटी, आणि चहा पिताना मला तसं बसलेलं मामांनी कितीदा पाहिलं होतं.

"कोणाचं आहे हे?" सेक्रेटरींनी विचारलं.

"पाइपावर नाव नसतं," मामा म्हणाले आणि एकदाच माझ्याकडे पाहिलं.

"काकू, आमच्याकडे तर चिंच आणतच नाहीत," सुनीता मला म्हणाली. बिचारीला माझाच आधार वाटला असेल. एरवी माझं तोंड बंद होत नाही, पण तेव्हा दातखीळ बसली. सुनीताचं म्हणणं कुणी कानावर घेतलं नाही.

मामा वर चहाला आले. "बाय, वरची घान खाली जाते. खालची वर चढत नाय."

"मला शिकवू नका!" मी फाडकन बोलले. ते अर्धा चहा ठेवून निघून गेले.

दोन दिवस मी गप्प राहिले. सुनीतानं खोकी आणून बांधाबांध सुरू केली. घरात जागा उरली नाही म्हणून तिची मुलगी जिन्यात अभ्यासाला बसायची आणि मी तिला ओलांडून वर जायची. तिसऱ्या दिवशी मामा चेंबरचं झाकण बसवायला आले. पुन्हा सगळे जमले आणि मला राहवेना.

"चोथा माझा होता," मी म्हणाले. "सुनीताचा काही संबंध नाही. मालकाला आत्ता फोन लावा, मी बोलते."

मेल्याहून मेल्यासारखं झालं, खोटं कशाला सांगू? मामांनी झाकण बसवलं. वर येऊन माझ्या सिंकला जाळीही पक्की बसवून गेले.

सुनीता राहिली. महिनाभर माझ्याशी बोलली नाही, आणि बरोबरच होतं तिचं. माझ्या कबुलीनंतरच्याच आठवड्यात मामा काखेत केळीचं रोप घेऊन आले आणि इमारतीमागे लावलं. "तुझी चिंच आता इथं टाक." मी चोथा टाकायची, सुनीता पाणी घालायची, आणि तिथंच कधीतरी आम्ही पुन्हा बोलू लागलो.

यंदा केळीनं पहिला घड धरला. मामा बरेच दिवस फिरकले नव्हते, फोनही बंद. पहिली फणी त्यांचीच, म्हणून सुनीता आणि मी विचारत विचारत त्यांच्या गावी गेलो. दारात त्यांची बायको होती. मामांना जाऊन चार महिने झाले होते. आत खुंटीवर स्प्रिंग गुंडाळून टांगलेली दिसत होती.

आम्ही गोखिवऱ्याच्या म्हटल्यावर मामींनी मला निरखून पाहिलं.

"चिंचवाली बाय ना तू? लय सांगायचे तुझं. गोला भायेर काढला तशी चार मानसांत पुढं झाली न् म्हनली, माझाच हाय. जरा पन थांबली नाय, म्हनायचे."

ते दोन दिवस मामांनी स्वतःच्या घरातही सांगितले नव्हते. सुनीता माझ्या शेजारीच उभी होती, पण तीही काही बोलली नाही. मी फणी मामींच्या हातात दिली आणि तिथंच ओटीवर बसून रडले.