मठासमोरचा ओटा

समस्त लहानथोर, स्त्रीपुरुष आणि कावेरीच्या घाटावर डुंबणाऱ्या म्हशी, सर्वांस अत्यंत गांभीर्याने जाहीर करण्यात येते की, एके काळी कुंभकोणातला सर्वांत मोठा आवाज माझा होता. माझे आजोबा तंजावरच्या दरबारात ललकारी देत. राज्य खालसा झालं, आवाज तेवढा वारशाने उरला. मठात मी अभंगाची पहिली ओळ उचलली की समोरच्या छपरावरचे पारवे उडत. बायको म्हणे, तुम्ही घरात कुजबुजता ते पार मेलकावेरीत ऐकू जातं.

मी तालुका कचेरीत कारकून होतो. त्या वर्षी गावात तापाची साथ होती आणि आमच्या मराठी मंडळींतले एक वैद्यबुवा त्यावर काळपट चूर्ण देत, मधातून, तीन दिवस. चूर्णाची ख्याती साहेबापर्यंत गेली. त्याने मला बोलावून सांगितलं, खरोखर गुण येतो का, चौकशी कर आणि लिहून दे.

उन्हात घरोघर कोण हिंडणार? एकादशीला सकाळी सगळे मठात जमतातच. भजन संपल्यावर मी खांबाशी उभा राहिलो, उपरणं सावरलं आणि नाटकातल्या राजासारखा विचारता झालो. चूर्ण कोणी कोणी घेतलं? हातांचं रान उभं राहिलं. गुण आला? आला, आला. कोणाला नाही आला? एकही हात नाही. उघड्या दारातून समोरच्या ओट्यावर बसलेली दोन-तीन माणसं दिसत होती. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने हात जरासा उचलला. मला वाटलं, माशी हाकलतोय.

आमच्या मठाचा रिवाज असा की, घरात कोणी गेलं तर वर्षभर मठाचा उंबरा ओलांडायचा नाही. भजन ऐकायचं तर समोरच्या ओट्यावर बसून. हे मला ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं.

घरी येऊन मी सगळा प्रसंग हातवाऱ्यांसह करून दाखवला. बायको तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही त्या आवाजात विचारलंत तर मेलेलासुद्धा हात वर करील."

मी इतका हसलो की शेजारीण डोकावून गेली.

अहवालात मी लिहिलं की, चूर्ण घेऊन गुण न आलेला एकही मनुष्य मला भेटला नाही. शब्द न् शब्द खरा होता. साहेबाने पाठ थोपटली. मी अहवालाची नक्कल मराठीत करून वैद्यबुवांना दिली, एक स्वतःजवळ ठेवली आणि येईल त्याला वाचून दाखवली.

महिन्याभरात बायकोला ताप आला. तिचा भाऊ पट्टीश्वरमला शाळामास्तर होता. तो बैलगाडी घेऊन आला आणि म्हणाला, गाडी दारात आहे, सरकारी दवाखान्यात नेऊ. मी पेटीतून अहवाल काढला आणि त्याच्यापुढे वाचला, योग्य त्या जागी थांबत, आवाज चढवत. तिने अंथरुणातून माझ्याकडे पाहिलं. मग भावाला सांगितलं, गाडी सोड, बैलांना पाणी पाज.

चूर्ण मी माझ्या हाताने खललं. पहिला दिवस, दुसरा, तिसरा. चौथ्या दिवशी सकाळी मध संपला म्हणून मी बाजारात गेलो. परत आलो तेव्हा तिचा भाऊ अंगणात बैलांच्या मानेवर हात ठेवून उभा होता. गाडी जुंपण्याचं कारण उरलं नव्हतं.

वैद्यबुवा लबाड नव्हते. त्यांच्या पाया पडायला बरे झालेलेच येत, त्यांना तरी दुसरं कोण दिसणार? मेव्हण्याच्या शाळेत कच्ची मुलं परीक्षेला पाठवतच नसत, आणि मग सगळी पास झाली म्हणून पेढे वाटत. स्वामीमलैच्या एका मूर्तिकाराने मला एकदा डोळा मिचकावून सांगितलं होतं की, फसलेली मूर्ती पुन्हा मुशीत जाते, म्हणून गिऱ्हाइकाला वाटतं याचा हात कधी चुकत नाही. हा किस्सा मी कितीतरी वर्षं रंगवून सांगत असे. लोक पोट धरून हसत. मीही.

पुढच्या एकादशीला मी ओट्यावर बसलो. शेजारी तोच म्हातारा. त्याचा एकुलता मुलगा तीन दिवस चूर्ण घेऊनही वारला होता, हे मला त्या सकाळी कळलं. त्याने आपण होऊन सांगितलं नाही. मी पहिल्यांदाच विचारलं, तेही हळू आवाजात.

आत वैद्यबुवांचा सत्कार चालला होता. शाल झाली, हार झाला. मग कोणीतरी माझाच अहवाल वाचायला घेतला. वाचणाऱ्याचा आवाज किरटा होता, पण वाक्य ओळखू आलं. गुण न आलेला एकही मनुष्य मला भेटला नाही. आत टाळ वाजले.

मी उठून उभा राहिलो. पारवे उडवणारा माझा गळा मी खाकरला. म्हाताऱ्याने माझं धोतर ओढून मला खाली बसवलं. काही सांगायचं त्याच्या मनात नसावं, पण तोंडून निघून गेलं:

"राव, आपण विचारलंत त्या दिवशीही मी येथेच बसलो होतो."