वामनची कवळी

वामनचा भाचा निरोप घेऊन आला तेव्हा मी अंघोळीचं पाणी तापवत होतो. "मामा पहाटे गेले," एवढंच तो म्हणाला. वामन म्हणजे आमच्या महाल पेठेतला दंतवैद्य, माझा शाळेपासूनचा मित्र. धावत गेलो. वामन झोपताना कवळी काढून ठेवत असे. त्यामुळे वरचा ओठ आत गेला होता, गाल बसले होते. शेवटचं दर्शन घ्यायला आलेले लोक क्षणभर चाचरत होते, हा वामनच का? ज्याने अर्ध्या गावाला चेहरे परत दिले, त्याचाच चेहरा गेला होता. मला फार राग आला... कोणाचा, ते अजून उमगलेलं नाही.

माझी वरची कवळी त्यानेच केली. आधी दुसऱ्या एकाने केलेली घातली की मी सुकलेल्या आंब्यासारखा दिसायचो. वामनने टाळूवर, अगदी पुढे, एका बारीक उंचवट्याला बोट लावलं. "दात गेले, हाड झिजलं, तरी हा फारसा हालत नाही. समोरचे दात याच्यावर नाही, थोडे पुढं बसवायचे." सुळ्यांची जागा तो नाकपुडीच्या कडेवरून ठरवायचा. लग्नाच्या पंगतीतही समोरच्याच्या नाकाकडे टक लावून बसे, आणि आम्हाला ओशाळल्यासारखं होई.

मग त्याची बायको गेली. मूलबाळ नव्हतं. त्याचेही दात पडले आणि तो दुधात भाकर कुस्करून खाऊ लागला. राजधानी आमच्या गावातून भोपाळला हलली आणि सरकारी कचेरीबरोबर माझा मुलगाही तिकडे गेला, तेव्हापासून संध्याकाळी आम्ही दोघं एकत्र जेवत असू. एकदा मी चिडलोच. "लोकांले दात देतो, अन् स्वतः काहून बोळक्या तोंडानं बसून राहिला गा?"

"कवळी जिथं संपते, ती टाळूची मागची रेघ ज्याची त्याले मारता येत नाही," तो म्हणाला.

कचेरीतली कॉपिंग पेन्सिल, ओल लागली की जांभळी उमटणारी, माझ्या खिशात होतीच. तो खिडकीशी आ करून बसला, आणि मी पेन्सिल त्याच्या तोंडाशी नेऊन थांबलो.

"काहून थांबला गा? मी 'आ' म्हटलं की मागं जे हालते, तिथं रेघ मार. अलीकडं मारशील तर कवळी पडन, पलीकडं गेला तर ओकारी येईन."

मी पलीकडेच गेलो. त्याला उमासा आला, डोळ्यांत पाणी आलं, आणि मग हसू आवरेना. हसता हसता त्याने डोळे पुसले. म्हणाला, "ती गेल्यापासून माह्या तोंडाले कोणाचा हात लागला नव्हता." मी पेन्सिलीचं टोक पुसलं. दुसऱ्यांदा रेघ बरोबर आली. नव्या दातांनी त्याने पहिल्यांदा कोथिंबिरीची सांबारवडी खाल्ली, तीही माझ्या पानातली.

तो गेला त्या सकाळी मी लोकांना बाहेर काढलं. कवळी अंगठ्याने वर टाळूला दाबली. बसली! ओठ पुढे आला, वामन परत दिसू लागला. मी त्याच्या छातीवर डोकं ठेवून रडलो. दर्शन आटोपल्यावर भाचा हळूच म्हणाला, "काका, अग्नीच्या आधी काढा लागते म्हणतात." मीच काढली.

अस्थींबरोबर नदीत सोडा, असंही तो म्हणाला होता. माझ्याच्याने झालं नाही. कवळी कोरडी राहिली की वाकडी होते, म्हणून ती मी पाण्यात ठेवतो. आता ती कोणाच्याच तोंडात बसायची नाही, हे मला कळतं. तरी रोज सकाळी पाणी बदलतो. मग दिवसभर त्याची कवळी पेल्यात असते आणि माझी तोंडात. बोलत दोन्ही नाहीत.