गुंदच्या वाघाचं सुतक

सिनेमा पाहून आलो आणि बायकोला म्हटलं, "दिवाळीत गुंदला जाऊ." त्या सिनेमाची गोष्ट मूळ जोयड्याच्या रानातली, गुंद हे तिथलंच गाव. भाऊ नसलेली एक बाई वाघाला भाऊ मानते आणि शेवटी तिचा नवरा त्याला गोळी घालतो. त्या प्रसंगाला मी थिएटरात ढसाढसा रडलो होतो. आता ते रान बघायचंच होतं.

बेळगावहून खानापूर, लोंडा करत रामनगर. तिथं ट्रकांच्या गर्दीत गाडी घुसवून भजी-पाव हाणला. पेट्रोल आणि रोख पैसे इथेच घ्या, पुढे फोनला रेंज मिळाली तर नशीब. मग सुपा धरणाचं पाणी बाजूला ठेवत वळणावळणांचा रस्ता. ज्याला घाई आहे त्यानं या वाटेला येऊच नये.

गुंदला नारायण नावाचा एकजण घरातच पाहुण्यांची सोय करतो. मुक्काम, दोन वेळचं जेवण, सगळं खिशाला परवडणारं. अंगणातल्या खडकाजवळ नवीकोरी पाटी होती: 'वाघ मेला ती जागा'. मी लगेच फोटो काढला. आत मात्र चूल थंड आणि नारायणची आई ओसरीवर हात बांधून बसलेली.

"आये, पावणं आलेत, भात तरी टाक," नारायण काकुळतीला आला.

"सुतकातल्या घरात पावणं जेवत न्हाईत."

"कुणाचं सुतक?"

"पाटी तूच लावलीस न्हवं? वाघ आपल्या घराण्याचा भाऊ. भाऊ मेला तर सुतक. उद्या दिवाळीची वाघबारस, त्याचा भाताचा वाटा बी खडकावर ठेवायचा न्हाई."

"अगं, ते पिच्चरात मेला!"

"मग पिच्चरवाल्यांनी पाळावं. आमच्या गोष्टीत त्यो मरत न्हाई. वर्षाला येतो, बहिणीच्या हातचं खातो, जातो."

मला हसू आलं, पण म्हातारी चेष्टा करत नव्हती. वाटा चुकला तर गुरं कुणाच्या भरवशावर रानात सोडायची, हा तिचा सवाल होता. पाटीमुळे गिऱ्हाईक वाढेल, हा नारायणचा हिशेब. शेवटी तो गेला आणि पाटी उपटून गोठ्यामागे टाकून आला. म्हातारीनं चूल पेटवली. लाल तांदळाचा भात आणि कणगांच्या कंदांची भाजी, आम्ही बोटं चाटत जेवलो.

सकाळी नारायणनं स्वतः पानावर भाताचा वाटा नेऊन खडकावर ठेवला. इतक्यात एक गाडी थांबली. आतल्या माणसानं विचारलं, "वाघ मेला तो खडक हाच का?"

"मेला न्हाई," नारायण म्हणाला. "जेवायला यायचा हाय. गाडी जरा लांब लावा."

घरी येऊन सिनेमा पुन्हा लावला. सिनेमा झकास आहे, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. पण गोळी सुटण्याआधीच बंद केला. त्या भावाचं सुतक मलाही नको होतं.